फाँतेनब्लोचा ठराव आणि सोलापूरचा माळ

अकलूजमध्ये कुणाला जंगलाचा पत्ता विचारला, तर तो आधी हसेल आणि मग उसाच्या फडाकडे बोट दाखवेल. नीरेच्या उजव्या कालव्याचं पाणी आल्यापासून माळशिरस तालुक्याच्या या पट्ट्यात नजर जाईल तिथवर ऊसच आहे. १९३२ साली सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी एकत्र येऊन माळीनगरला साखर कारखाना उभा केला. पुढे शंकरराव मोहिते-पाटलांनी यशवंतनगरला सहकारी कारखाना काढला, आणि लग्नाच्या तिथीपासून उधारी फेडण्यापर्यंत सगळं गळीत हंगामाच्या हिशेबाने चालू लागलं. कालव्याच्या वरच्या अंगाला, जिथं पाणी चढत नाही, तिथं मात्र जुना माळ अजून आहे. मुरमाड जमीन, तरवडाची झुडपं, मधूनच एखादा हिवर किंवा बोर, आणि पाऊस बरा झाला तर गुडघाभर कुसळी गवत. धनगरांची मेंढरं तिथं चरतात. सरकारी दप्तराला अशी जमीन बहुतेक वेळा ‘पडीक’ म्हणूनच ठाऊक असते.

जगभरच्या जंगलांची आणि वन्यजीवांची काळजी वाहणाऱ्या सर्वांत मोठ्या आंतरराष्ट्रीय संघटनेची गोष्ट अशा गावातून सुरू करण्याला कारण आहे. अकलूजच्या पूर्वेला भीमा ओलांडली की माढा तालुका लागतो. माढा, मोहोळ, करमाळा आणि उत्तर सोलापूर, शिवाय तेव्हाच्या अहमदनगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले कर्जत, श्रीगोंदा, नेवासा, एवढ्या तालुक्यांमधला मुलूख १९७९ साली नकाशावर एका रेघेत घेतला गेला आणि ते अभयारण्य ठरलं. क्षेत्रफळ ८,४९६ चौरस किलोमीटर, म्हणजे मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या तिपटीहून जास्त. आत गावं होती, बाजारपेठा होत्या, ज्वारीची शेतं होती, एसटीचे थांबे होते. दाट झाडी म्हणावी अशी कुठंच नव्हती. हे सगळं एका पक्ष्यासाठी केलं होतं, आणि आज तो पक्षी तिथं जवळजवळ उरलेला नाही.

असं अभयारण्य कुणाच्या डोक्यातून निघालं, हे शोधायला बरंच मागं जावं लागतं.

पॅरिसच्या दक्षिणेला फाँतेनब्लो नावाचं जंगल आहे. फ्रान्सचे राजे तिथं शिकारीला जात. एकोणिसाव्या शतकात जंगलाच्या कडेच्या बार्बिझों गावात चित्रकार येऊन राहू लागले. जुने ओक, खडक आणि मोकळी उजाड पठारं यांची चित्रं ते काढत. वनखात्याला मात्र त्या उजाड पठारांत रिकामी, उत्पन्न न देणारी जमीन दिसली, आणि खात्याने तिथं पाइनची रोपं लावायचा धडाका लावला. चित्रकार संतापले. रात्री जाऊन त्यांनी रोपं उपटून टाकल्याचे किस्से अजून सांगितले जातात. तेओदोर रूसोसारख्या नावाजलेल्या चित्रकाराने थेट दरबारात दाद मागितली. अखेर १८६१ मध्ये तिसऱ्या नेपोलियनने या जंगलाचा सुमारे हजार हेक्टरचा भाग ‘कलात्मक’ राखीव म्हणून बाजूला काढला. अमेरिकेतलं यलोस्टोन उद्यान व्हायला अजून ११ वर्षं अवकाश होता. निसर्ग राखण्याच्या आधुनिक इतिहासातला इतका जुना लढा झाडं तोडण्याइतकाच नको त्या जागी झाडं लावण्याविरुद्धही होता, ही गंमत पुढे सोलापुरात पुन्हा भेटणार आहे.

याच फाँतेनब्लोमध्ये सप्टेंबर १९४८ च्या शेवटी एक परिषद भरली. तिच्यामागे पस्तीस वर्षांची धडपड होती. स्विस निसर्गशास्त्रज्ञ पॉल सारासिन यांनी १९१३ मध्ये बर्न इथं १७ देशांचे प्रतिनिधी जमवून निसर्गरक्षणासाठी एक सल्लागार आयोग स्थापला होता. वर्षभरात पहिलं महायुद्ध पेटलं आणि आयोगाचे कागद कपाटात गेले. दोन युद्धांच्या मधल्या काळात पीटर व्हान टिनहोव्हन या डच गृहस्थांनी पदरमोड करून एक छोटं कार्यालय चालवलं, तेही दुसऱ्या युद्धात थंडावलं. युद्ध संपल्यावर ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्स्ली युनेस्कोचे पहिले महासंचालक झाले आणि त्यांनी हे काम पुन्हा हाती घेतलं. ५ ऑक्टोबर १९४८ रोजी १८ सरकारं, ७ आंतरराष्ट्रीय संस्था आणि १०७ राष्ट्रीय संस्थांच्या प्रतिनिधींनी घटनेवर सह्या केल्या. आज जिला आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ किंवा आद्याक्षरांनी ‘आययूसीएन’ म्हणतात, तिचा हा जन्म.

या संघाची घडण मोठी चमत्कारिक आहे. एकाच टेबलाशी सरकारंही बसतात आणि सरकारच्या नावाने बोटं मोडणाऱ्या स्वयंसेवी संस्थाही. मतदान दोन सभागृहांसारखं वेगवेगळं होतं. ठराव दोन्हीकडे मंजूर व्हावा लागतो, आणि मंजूर झाला तरी तो कुणावर बंधनकारक नसतो. संघाकडे पोलीस नाहीत, न्यायालय नाही, एक एकर जंगलही नाही. हाती आहेत ते तज्ज्ञ आणि त्यांनी लिहिलेले कागद.

सुरुवातीला तर पैसेही नव्हते. ब्रुसेल्समधल्या लहानशा कचेरीतून पहिले सरचिटणीस जाँ-पॉल हारुआ कारभार हाकत. हे बेल्जियन गृहस्थ आफ्रिकेतल्या जमिनीची धूप कळवळून मांडत असत. नंतर ते बेल्जियमच्या ताब्यातल्या रुआंडा-उरुंडीचे गव्हर्नर झाले. संघाच्या पहिल्या पिढीचा चेहरा बराचसा असा होता. युरोपातली शिकलेली, सदिच्छेची माणसं आफ्रिका-आशियातल्या जंगलांची चिंता करत होती, पण त्या जंगलात राहणाऱ्यांना विचारून पाहावं, हे त्यांच्या फारसं मनात येत नव्हतं. हा दोष संघाला पुढे बरीच वर्षं जाच देत राहिला.

१९५६ मध्ये संघाचं नाव बदललं आणि १९६१ मध्ये बिऱ्हाड स्वित्झर्लंडमधल्या मोर्ज या गावी हललं. त्याच वर्षी, संघाला पैसा मिळावा म्हणून काही मंडळींनी वेगळा निधी उभा केला. त्याचं चिन्ह म्हणून पांडा निवडला गेला. तो निधी म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफ. पोरगं बापापेक्षा नावाजलं. पांडा शाळकरी मुलंही ओळखतात, संघाचं नाव मात्र पर्यावरणाच्या बातम्या वाचणाऱ्यांनाच ठाऊक असतं.

संघाने जगाला दिलेली सर्वांत धारदार गोष्ट म्हणजे लाल यादी. १९६४ मध्ये तिची सुरुवात झाली. आधी ती तज्ज्ञांच्या अंदाजावर चाले. अमुक प्राणी दुर्मिळ झालाय, असं चार जाणत्यांनी म्हटलं की नोंद व्हायची. १९९० च्या दशकात जॉर्जिना मेस या ब्रिटिश शास्त्रज्ञ बाईंच्या पुढाकाराने तिला आकड्यांची शिस्त आली. एखाद्या जातीचे प्रजननक्षम जीव ५० पेक्षा कमी उरले, तर ती अतिसंकटग्रस्त. २५० पेक्षा कमी असून संख्या वेगाने घसरत असेल, तरीही अतिसंकटग्रस्त. दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत ८० टक्के घट झाली, तरी तेच. आज या यादीत दीड लाखाहून जास्त जातींची नोंद आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जगातल्या झाडांचा हिशेब जाहीर झाला. ४७,२८२ जाती तपासल्या होत्या, त्यांतल्या १६,४२५ धोक्यात निघाल्या. आपल्या ओळखीचं चंदनही या यादीत असुरक्षित म्हणून नोंदलेलं आहे.

या कागदांचा आणि भारताचा पहिला मोठा संबंध आला १९६९ मध्ये. त्या साली संघाची दहावी महासभा दिल्लीत भरली. दिवस मोठे वादळी होते. १२ नोव्हेंबरला इंदिरा गांधींना काँग्रेस पक्षातून काढून टाकण्यात आलं आणि पक्ष उभा चिरला. त्यानंतर अवघ्या १२ दिवसांनी, २४ नोव्हेंबरला, त्या या महासभेच्या उद्घाटनाला व्यासपीठावर उभ्या होत्या. देशाला परकीय चलन हवं आहे, पण या भूमीवरल्या देखण्या प्राण्यांचा जीव देऊन नको, अशा अर्थाचं त्या बोलल्या. तेव्हा भारतात शिकारी कंपन्यांचा धंदा तेजीत होता. परदेशी पाहुणा डॉलर मोजायचा आणि वाघाचं कातडं घेऊन मायदेशी परतायचा. वनाधिकारी कैलास सांखला वाघांच्या घसरत्या संख्येबद्दल कंठशोष करत होते. महासभेने वाघाला लाल यादीत जागा दिली आणि त्याच्या शिकारीवर बंदी घालावी, असा ठराव केला.

ठराव बंधनकारक नव्हता. पण पाहुण्यांना घरी बोलावून त्यांच्यासमोर दिलेला शब्द मोडणं यजमानाला जड जातं. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली. १९७२ च्या गणनेत देशभरात १,८२७ वाघ निघाले. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला, आणि १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत महाराष्ट्रातलं मेळघाट होतं. दिल्लीत महासभा चालू असतानाच, २७ नोव्हेंबर १९६९ ला, डब्ल्यूडब्ल्यूएफची भारतीय शाखा मुंबईत नोंदली गेली होती. मुंबईत १८८३ पासून काम करणाऱ्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीची भक्कम परंपरा तिच्या पाठीशी होती. सालिम अली हे त्या परंपरेतलं सर्वांत मोठं नाव.

सालिम अलींचं मन एका पक्ष्यात अडकलं होतं. हा पक्षी भारताचा राष्ट्रीय पक्षी व्हावा, असं त्यांचं म्हणणं होतं. १९६३ मध्ये तो मान मोराला मिळाला. मोर देखणा आहे, सर्वत्र आहे आणि त्याला धोकाही नव्हता. मागे राहिला तो माळढोक.

माळढोकाचा नर मीटरभर उंच असतो आणि त्याचं वजन १५ किलोपर्यंत जातं. जगातल्या उडणाऱ्या सर्वांत जड पक्ष्यांत त्याची गणना होते. पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी, पाठ मातकट. पावसाळ्यात माद्यांना बोलवायला तो गळ्याखालची पिशवी फुगवतो, ती लोंबत पायापर्यंत येते, शेपूट पाठीवर उभारतो आणि घुमणारा खोल आवाज काढतो. मोकळ्या माळावर तो फार लांबवर ऐकू जातो. मादी जमिनीवरच, गवताच्या आडोशाला, बहुधा एकच अंडं घालते. एवढ्या जड पक्ष्याने उघड्यावर एकच अंडं घालणं हा फार भरवशाचा व्यवहार नव्हे. कोल्हा, मोकाट कुत्रं, नांगर, चरणारं जनावर, यांतलं काहीही त्या एका अंड्यावर पडू शकतं. त्याच्या जगण्याचा सगळा हिशेब एका गोष्टीवर उभा आहे. चहूकडे दूरवर दिसायला हवं, म्हणजे संकट लांबूनच ओळखून पळता येतं. झाडी त्याला अडचणीची, माळ त्याचं घर.

शिकार आणि शेतीचा विस्तार यांनी हे घर आवळत आणलं होतं. पक्ष्यांचे जाणकार आर. एस. धर्मकुमारसिंहजी यांनी १९६९ मध्ये देशभरात सुमारे १,२६० माळढोक असल्याचा अंदाज बांधला होता. महाराष्ट्रात तो जवळजवळ संपला, असंच अनेकांना वाटत होतं. मग सत्तरच्या दशकाच्या आरंभी सोलापूरचे पक्षिप्रेमी बी. एस. कुलकर्णी यांना सोलापूर-बार्शी रस्त्यावरच्या नान्नज परिसरात माळढोक दिसले, आणि त्यांनी ते जगापुढे आणले. नुसते दिसले नाहीत, तिथं त्यांचा विणीचा हंगामही चालू होता. कुलकर्णी वर्षानुवर्षं त्यांच्यामागे लागून राहिले.

योगायोग असा, की तो दुष्काळाचा काळ होता. १९७२ च्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रम आला आणि वनखात्याने सोलापूर जिल्ह्यात माळरानाचे तुकडे कुंपण घालून राखायला सुरुवात केली. लोकांच्या तोंडी ते ‘प्लॉट’ झाले. हेतू होता झाडं लावायचा आणि चारा वाढवायचा. पण चराई थांबल्यावर आधी गवत उगवलं. मारवेल, पवन्या, कुसळी. गवतात नाकतोडे आणि भुंगेरे आले, आणि माळढोक त्या प्लॉटांत येऊन विणू लागले. बाहेर कोरडवाहू शेतं होती. रब्बीची ज्वारी, करडई, हरभरा. सोलापूरची ओळख असलेलं मालदांडी ३५-१ हे ज्वारीचं वाण मोहोळच्याच संशोधन केंद्रातलं. अशी शेतं माळढोकाला चालत असत, कारण त्यांत विष कमी आणि किडे भरपूर असत. पोटापाण्याला शेत आणि विणीला प्लॉट, असा त्याचा संसार बसला.

१९७२ च्या कायद्याचा आधार घेऊन राज्य सरकारने १९७९ मध्ये ते प्रचंड अभयारण्य जाहीर केलं. फाँतेनब्लोच्या सह्यांपासून दिल्लीच्या ठरावापर्यंत आणि तिथून कायद्यापर्यंत आलेली साखळी इथं नान्नजच्या मुरमाला टेकली. त्याच सुमाराला राजस्थानात अरब राजपुत्रांनी ससाण्यांनी तिलोरची, म्हणजे माळढोकाच्या धाकट्या भाऊबंदाची, शिकार केल्यावरून देशभर ओरड झाली, आणि १९८० मध्ये जयपूरला माळढोकवर्गीय पक्ष्यांवर आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरला. १९८१ पासून बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे असद रहमानी यांनी नान्नजसह काही ठिकाणी तळ ठोकून माळढोकाचा अभ्यास केला. आज आपण त्याच्याविषयी जे ठामपणे सांगू शकतो, त्यातलं बरंचसं त्या कामातून आलेलं आहे.

इथवरची कहाणी यशाची वाटते. मात्र १९७९ ची रेघ ओढणाऱ्यांनी एक गोष्ट फारशी मनावर घेतली नव्हती. रेघेच्या आतली बहुतेक जमीन खासगी होती. सरकारच्या ताब्यातले गवताचे प्लॉट इकडेतिकडे विखुरलेले, लहान. शेतकऱ्याला कळलं ते एवढंच, की आपला सातबारा अभयारण्यात गेलाय. जमीन विकायची, बिगरशेती करायची, खाण, कारखाना काही काढायचं, तर पक्षी आडवा येतो. ज्या माणसाच्या ज्वारीत माळढोक दाणे टिपत होता, त्याचाच तो शत्रू ठरला. पक्षी पाळल्याबद्दल त्याला कुणी काही देत नव्हतं, फक्त अडवत होतं. प्रकरण पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि अखेर क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं.

पण या कागदी भांडणाने माळढोक गेला, असं म्हणणं खोटं ठरेल. त्याला घालवलं ते पाण्याने, आणि हे बोलून दाखवणं सोलापूर जिल्ह्यात सोपं नाही. १९८० मध्ये भीमेवर उजनी धरण पुरं झालं. माढा, मोहोळ, पंढरपूरकडे कालवे गेले, आणि अकलूजच्या पट्ट्यात नीरेच्या पाण्याने आधीच जे घडलं होतं ते भीमेच्या दोन्ही अंगांना घडलं. ज्वारीच्या जागी ऊस आला, पुढे द्राक्ष आणि डाळिंब आलं. ज्या शेतकऱ्याने तीन पिढ्या दुष्काळ सोसला, त्याने पाणी आल्यावर ज्वारीच पेरावी, असा आग्रह धरायचा कुणाला हक्क आहे? मात्र उसाचा फड माळढोकाच्या दृष्टीने भिंत आहे. त्यातून पलीकडचं दिसत नाही, त्यात पळता येत नाही. वर विजेच्या तारा आल्या. जड शरीर आणि समोरचं नीट न दिसणारी नजर, यांमुळे माळढोक उडताना ऐन वेळी वळू शकत नाही. तारांवर आपटून मरणं, हे आज देशभर त्याच्या मृत्यूचं सर्वांत मोठं कारण मानलं जातं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान-गुजरातमधल्या अशा तारा जमिनीखाली घालण्याचा आदेश दिला. सौरऊर्जेच्या गरजेचं कारण पुढे आल्यावर २०२४ मध्ये तो सौम्य केला.

आणि मग फाँतेनब्लोची गंमत. गवताच्या ज्या प्लॉटांत माळढोक विणत होता, तिथं वनखातं झाडं लावत राहिलं, ग्लिरिसिडिया, सुबाभूळ. खात्याचा हेतू चांगला होता, वर उद्दिष्टंही झाडांच्या संख्येत यायची. रोपं वाढली, सावली पडली, गवत मागे हटलं. रहमानींसारख्या अभ्यासकांनी वारंवार सांगितलं, की इथं झाड लावणं म्हणजे माळढोकाचं घर मोडणं. ही चूक फक्त सोलापूरची नाही. २०११ मध्ये जर्मन सरकार आणि हाच आंतरराष्ट्रीय संघ यांनी ‘बॉन चॅलेंज’ पुढे आणलं. २०२० पर्यंत जगातली १५ कोटी हेक्टर उजाड जमीन पुन्हा सावरायची, आणि नंतर वाढवलेलं उद्दिष्ट म्हणजे २०३० पर्यंत ३५ कोटी हेक्टर. भारताने आपला वाटा २०१९ मध्ये २ कोटी ६० लाख हेक्टरपर्यंत नेला. महाराष्ट्रात त्याच साली ३३ कोटी झाडं लावायची मोहीम निघाली. ‘उजाड’ म्हणजे काय, हे मात्र तालुक्याच्या पातळीवर तलाठ्याच्या नोंदीवरूनच ठरतं, आणि त्या नोंदीत माळ पडीकच असतो. संघाचे तज्ज्ञ सावरणं आणि झाडं लावणं या वेगळ्या गोष्टी आहेत, असं सांगत राहतात. पण ठराव खाली झिरपत येईपर्यंत त्यातलं ‘झाड’ तेवढं शिल्लक राहतं.

२०११ मध्येच लाल यादीत माळढोकाची जागा बदलली. संकटग्रस्तवरून तो अतिसंकटग्रस्त झाला. आता देशभरात दीडशेच्या आतच उरलेत, तेही बहुतेक जैसलमेरच्या वाळवंटात. नान्नजला गेली काही वर्षं एखादीच मादी अधूनमधून दिसल्याची बातमी येते. यादीत त्याचं स्थान जितकं वर चढत गेलं, तितका सोलापूरच्या माळावर तो कमी होत गेला. यादी इशारा देते, त्या इशाऱ्याने पैसा आणि कायदा हलू शकतो. पण माळ कुणाचा, त्यावर काय पिकवायचं, याचा निकाल ती लावू शकत नाही. दिल्लीत १९६९ ला वाघाचं साधलं, कारण वाघाचं जंगल सरकारी होतं. माळढोकाचं जंगल शेतकऱ्याच्या नावावर होतं.

या फरकाची जाणीव संघालाही उशिरा का होईना झाली. १९७५ च्या किन्शासा इथल्या महासभेत, संरक्षित क्षेत्र करताना तिथल्या मूळ रहिवाशांची जीवनपद्धती आणि जमिनीवरचा हक्क मोडू नये, असा ठराव आला. १९८० मध्ये संघाने डब्ल्यूडब्ल्यूएफ आणि संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमासोबत ‘जागतिक संवर्धन धोरण’ प्रसिद्ध केलं आणि शाश्वत विकास हा शब्दप्रयोग तिथूनच जगभर गेला. १९८४ ते १९९० या काळात संघाच्या अध्यक्षपदी भारतीय शेतीशास्त्रज्ञ एम. एस. स्वामिनाथन होते, हरितक्रांती घडवणारेच. निसर्गाच्या संघटनेच्या शिरावर शेतीचा माणूस बसला, हे १९४८ च्या मंडळींना विचित्र वाटलं असतं. भारतात या विचाराला कायद्याचं रूप मिळायला २००६ उजाडलं. वनहक्क कायदा आला, आणि २००९ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला.

माळाला मात्र असा वाली मिळालेला नाही. माळशिरस, सांगोला, फलटण भागातले मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या या गवतावर जगले. त्यांतले कितीतरी कळप दसऱ्यानंतर कोकणाच्या वाटेला लागत आणि पावसाच्या तोंडावर परतत, म्हणजे मधले महिने माळाला विसावा मिळे. लांडगा त्यांच्या कळपातून मेंढरू उचलायचा, शिव्या खायचा आणि तरीही टिकून राहायचा. माळढोक, लांडगा, खोकड, काळवीट, चिंकारा आणि मेंढपाळ अशी ही एकाच गवताची बिऱ्हाडं होती. सोलापुरात जन्मलेले मारुती चितमपल्ली आयुष्यभर जंगलखात्यात फिरले, विदर्भातल्या जंगलांवर त्यांनी उदंड लिहिलं, २००६ च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. पण मराठी वाचकाच्या मनात जंगल म्हटलं की अजूनही नवेगावबांध आणि मेळघाटच उभं राहतं, करमाळ्याचा माळ नाही.

थोडं बदलताना दिसतंय. अकलूजहून नीरा ओलांडून इंदापूर तालुक्यात गेलं की कडबनवाडी लागते. तिथल्या गवताळ रानात वनखात्याने अलीकडे सफारी सुरू केली आहे. गावातली पोरं वाटाडे म्हणून चिंकारा, खोकड, नशीब चांगलं असेल तर लांडगा दाखवतात. माळ पाहायला माणसं पैसे मोजून येतात, ही गोष्ट आसपासच्या जुन्या मंडळींना अजून पचायची आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे गवताळ राने आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आहे.

माळढोकापुरतं काम सध्या चाललंय ते राजस्थानात. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये जैसलमेरजवळ सम इथं पिंजऱ्यातल्या पैदाशीचं केंद्र काढलं. रानातली अंडी उचलायची, उबवायची, पिल्लं वाढवायची, आणि पुरेशी झाली की त्यांच्या पुढच्या पिढीला रानात सोडायचं, असा तो बेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. यासाठी लागणारं तंत्र आलं अबू धाबीहून. तिलोरच्या संवर्धनासाठी तिथं चालणाऱ्या निधीने हजारोंनी तिलोर पैदा करून दाखवले होते, आणि त्यांच्याकडून भारतीय शास्त्रज्ञ शिकले. ज्या अरब शिकारीविरुद्ध १९८० मध्ये जयपूरला माणसं जमली होती, त्याच शौकापायी उभी राहिलेली ही विद्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय संघाचं जागतिक अधिवेशनही अबू धाबीतच झालं. समच्या केंद्रातून उद्या पिल्लं सोडायची ठरली, तर पहिला हक्क थरच्या वाळवंटाचा असेल, आणि मग गुजरातच्या कच्छचा. नान्नजची पाळी यायची तर आधी तिथल्या प्लॉटांतलं ग्लिरिसिडिया काढून गवत परत यायला हवं, आणि प्लॉटाबाहेरच्या शेतकऱ्याला ज्वारी पेरणं परवडायला हवं. यातलं पहिलं वनखात्याच्या हातात आहे, दुसरं बाजाराच्या.